साध्या मातीची कुंडी

४ मार्च

गवत उडालं!

सकाळी संशोधन केंद्राच्या शेतावर जाऊन बघते तर माझे गवताचे वाफे अर्धे उघडे, आणि सगळं गवत कुंपणाच्या जाळीला दाढीसारखं चिकटलेलं. पेंढा जागेवर. लाकडाच्या ढलप्या जागेवर. पुठ्ठ्यावर दगड ठेवलेत, तोही गप्प पडलेला. पाचोळ्याला जाळी लावलीय. उडायचं ते नेमकं गवतच उडालं. साहेब यायच्या आत ओंजळी-ओंजळीनं गोळा करून परत पसरलं.  साहेब आले, बघितलं, 'छान' म्हणाले आणि गेले. एवढंच. पण माझे हात दुपारपर्यंत गार होते.

गवत ओलं केलं की दबून बसतं. पण पाण्याचा पाइप त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. उद्यापासून घरची झारी न्यावी.

५ मार्च

हिरवी प्लॅस्टिकची झारी सायकलच्या हँडलला अडकवून निघाले. मैदानापाशी दादा फाटकातच उभा. "भागूबाई, वरात कुठं निघाली?" जोरात! रस्त्यावर माणसं होती.

मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणतो. खोटं नाही म्हणा. झुरळ, फोन, साहेबांच्या बुटांचा आवाज – घाबरायला मला सगळंच पुरतं. दादाला कशाचीच भीती नाही. मोठ्या मैदानाची देखभाल त्याच्याकडे. हिरवळ कापायची, रेघा मारायच्या, जाळ्या बांधायच्या. कापलेलं गवत पूर्वी कुजून जायचं, आता पोती भरून मला देतो. माझ्या प्रयोगातलं गवत म्हणजे दादाचंच गवत. भाजीच्या वाफ्यावर काय अंथरलं तर तण कमी उगवतं, एवढाच माझा प्रयोग. टोमॅटोची रोपं सगळ्या वाफ्यांत सारखी. एक वाफा उघडा ठेवलाय, तुलनेला.

झारीनं काम झालं. गवत शहाण्यासारखं बसलं.

७ मार्च

आई येतेय राहायला. दादाकडे वहिनीच्या माहेरचे पाहुणे आहेत, तोवर इथे. अंगणातल्या फरशीच्या फटींत घोळ, ते जाड पानांचं तण, माजलीय, ओली असली की पाय सरकतो. आई पडली म्हणजे?

तेव्हा आज कपाटामागची बाटली काढली. तणनाशक! झारीत दोन झाकणं, वरून पाणी, आणि फटीफटीतून ओतलं. आमचे हे बघत होते. "दिवसभर तणाशी भांडायचा पगार घेतेस, तेही पेंढ्यानं, आणि घरी बाटली?" म्हटलं कोणाला सांगाल तर याद राखा. हसून हसून दोघांची पुरेवाट. झारी दोनदा विसळली. उद्या परत शेतावर न्यायचीय.

२१ मार्च

पहिली मोजणी. लाकडी चौकट वाफ्यात टाकायची, आत जे तण सापडेल ते मोजायचं. गुडघे गेले.

पण काय फरक! उघड्या वाफ्यात तर जंगल. पेंढ्यात थोडं थोडं. ढलप्यांत बरं. पुठ्ठ्याच्या भोकांतून एकेक नमुना डोकं काढतो. आणि गवताचे वाफे – साफ! हरळीची एखादी काडी, लव्हाळ्याचा एखादा भाला. घोळ नाही. दुधीचं तण नाही. रुंद पानाचं काही म्हणजे काही नाही.

साहेब उकिडवे बसून बघत राहिले. "बाई, हे तर जादूचं गवत आहे!" मला आनंद व्हायला हवा होता. मला कौतुकाचीही भीती वाटते. उंचावर चढवलं की खाली बघावंसं वाटतं.

३० मार्च

साहेबांनी भाजी पिकवणाऱ्यांची बैठक बोलावली आणि मला पुढे उभं केलं.  वाफेच दाखवले, बोलावं लागलं नाही. सगळ्यांनी गवत मागितलं. आमच्या कुंपणापलीकडे ज्यांचे टोमॅटो आहेत त्या काकूंनी तर तिथल्या तिथे पोती भरून घेतली. काकूंचं सगळं त्या टोमॅटोवर चालतं. पाठ वाकलीय खुरपून खुरपून. "या वर्षी खुरपं खुंटीला टांगते की नाही बघ!"

दादा टेम्पोवर उभा राहून पोती खाली देत होता, एखाद्या नवरदेवासारखा. आई ऐकून म्हणाली, "दोघांनी मिळून एक तरी धड काम केलंत."

८ एप्रिल

पानं वळलीत.

गवताच्या वाफ्यांतली. शेंड्याची कोवळी पानं चिमटल्यासारखी, आत मुडपलेली, बारीक बारीक. मी बसून एकेक रोप बघितलं. पेंढा – ठीक. ढलप्या – ठीक. पुठ्ठा, पाचोळा, उघडा – सगळे ठीक. गवतातली सगळी वळलेली.

रोग असेल. रोगच असेल. देवा, रोग असू दे!

९ एप्रिल

रोग नाही. रोग कुंपण घालून येत नाही, एका वाफ्यात आहे आणि हातभर अंतरावरच्या शेजारच्यात नाही, असं होत नाही. हे औषधाचं वळण आहे. रुंद पानाचं तण मारायचं औषध. हरळी-लव्हाळ्याला ते काही करत नाही, घोळीला मारतं. टोमॅटोही रुंद पानाचाच.

म्हणजे जादू कसली! तण गवतानं दाबलंच नव्हतं. गवतात विष होतं.

हिरवळीवर असलं औषध मारतात. गोल पानांचं काही उगवू नये म्हणून. आणि हिरवळ कोणाच्या हातात आहे? दादाच्या.

आज जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "तोंड का पांढरं पडलंय?" म्हटलं ऊन लागलं.

१० एप्रिल

काकूंच्या कुंपणापाशी टाचा उंचावून बघितलं. त्यांची रोपं सरळ. अजून सरळ. त्यांनी गवत उशिरा अंथरलं, म्हणून उशिरा होईल. काकूंनी मला बघितलं, हात केला, "तुझं गवत मस्त आहे हं!" मी खाली बसले. भिंतीआड लपावं तशी.

एवढ्या जणांनी नेलंय ते गवत. सगळ्यांचे टोमॅटो, वांगी, घेवडे. माझ्यावर विश्वास ठेवून!

११ एप्रिल

मैदानावर गेले. दादा डबा उघडून बसला होता. अर्धी पोळी माझ्या हातात दिली. मी ती धरूनच विचारलं, हिरवळीवर काही फवारलंस का.

"नाही."

कधीच नाही?

"अगं, पाणी आणि खत. वर्ष झालं औषधाला हात लावला नाही. वरच्यांनी आणून तरी कुठं दिलंय?"

त्याच्या मागे खोलीत, दाराआड, फवारणीचा पंप. मी बघितला ते त्याने बघितलं. "चुन्याचं पाणी असतं त्यात. रेघांना." मी जाऊन वास घेतला. चुन्याचाच वाटला. पण चुना उग्र, त्याखाली काय असेल ते कळायला नाकात काय यंत्र बसवलंय?

दादा थापाड्या आहे. आहेच. परीक्षेचा निकाल लागला नाही सांगून त्याने महिना काढला होता. फुटलेली बरणी मांजरीवर ढकलली होती, आणि आमच्याकडे मांजर नव्हती. पण ते वेगळं. मोठेपणी मला तो खोटं बोललेला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे बोललाच नाही, असं आहे का?

पोळी पर्समध्ये घालून आणली. आत्ता सापडली.

१२ एप्रिल

दादा स्वतः घरी आला. हातात गवताचं पोतं. आईसमोर काही बोलला नाही, मला मागच्या अंगणात नेलं.

"तुमच्यात कसोटी असते ना एक? कुंडीत लावून बघायची?"

असते. घेवडा लावायचा. घेवड्याला कणभर विष पुरतं, दुसऱ्या-तिसऱ्या पानालाच कळतं. एका कुंडीत साधी माती, दुसरीत तीच माती आणि वर संशयाचं गवत.

"मग लाव. हे आजच कापलंय. घेवडा काय म्हणेल ते मला कबूल." मग म्हणाला, "पण तोवर साहेबाला सांगू नकोस. एवढं कर. एकदा माझ्या नावाला डाग लागला की कोण पुसणार?"

मी हो म्हटलं. त्याच्या हातात हात देऊन हो म्हटलं. जाताना म्हणाला, "भागूबाई, घाबरू नकोस." त्याचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

१४ एप्रिल

बी टोचलं. एकाच थैलीतली माती, एकाच पुडीतलं बी. गवताची कुंडी अंगणात, साध्या मातीची पार पलीकडे, न्हाणीघराच्या खिडकीत. एकमेकींचा वारा नको लागायला. पाणी दोघींना सारखंच, एकाच झारीनं. कसोटी म्हणजे कसोटी! दादावर अन्याय नको.

१७ एप्रिल

आई अंगणात सरकली! पडली नाही, कपडे वाळत घालायच्या तारेला धरलं. फटीतली घोळ परत आलीय. बाटली काढली आणि यावेळी झारीत चांगली सणसणीत ओतली, वर आलेली पानं चिंब होईपर्यंत शिंपत बसले. बरं वाटलं. या महिन्यात निदान कशावर तरी माझा हात चालला.

१८ एप्रिल

काकूंची रोपं सरळ. कुंड्यांना पाणी दिलं.

१९ एप्रिल

आमच्या गवताच्या वाफ्यांत आता फुलंच धरत नाहीत. आली ती गळली. साहेबांना दिसू नये म्हणून मी त्यांना मुद्दाम ढलप्यांकडे नेलं, ढलप्यांचं इतकं कौतुक केलं की त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

फोन वाजला की आधी नाव बघते. वाटतं कोणीतरी सांगणार – ताई, आमचीही वळली.

२१ एप्रिल

गवताच्या कुंडीतलं बी वर आलं! पहिली दोन पानं ठीक. ती ठीकच असतात, ती बियातूनच येतात. कळतं ते पुढच्या पानाला. साध्या मातीत अजून काही नाही, तिथे सावली आहे.

आई कुंडीपाशी येऊन उभी राहिली. "हा घेवडा मांडवावर चढवायचाय का?" म्हटलं नाही, असाच. म्हणाली, "असाच लावलेल्याकडे कोणी दिवसातून इतक्यांदा बघत नाही." मी झारी भरायला गेले.

२३ एप्रिल

सांगून टाकलं.

साहेब सकाळीच खुशीत. म्हणाले, पलीकडच्या गटानेही गवत मागितलंय, उद्या ट्रक भरायचा, मैदानवाल्यांशी बोलणं झालंय. ट्रक! माझ्या डोळ्यांसमोर शेतंच्या शेतं आली, वळलेली, मुडपलेली, आणि बांधावर काकूंसारख्या बायका.  मी धरून होते टेबलाला. मी म्हणायला गेले, 'थांबा, थोडे दिवस थांबा, मी बघतेय.' एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तरी ट्रक थांबला असता!

पण ते म्हणाले "का?" आणि त्यांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मला काही सुचत नाही. 'फवारलं असेल' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "फवारलंय."

"कोणी?"

मी सांगितलं.

कुंडीचं, शब्द दिल्याचं, काही बोलले नाही. साहेबांनी माझ्यासमोरच फोन लावला.

दुपारपर्यंत दादाला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. ही बातमी वहिनीनं फोनवर सांगितली. ओरडली नाही. "त्यांनी पंप दाखवला, चुना दाखवला. ते म्हणाले, तुमची सख्खी बहीण म्हणतेय. त्यावर काय बोलायचं?" आणि ठेवला.

२४ एप्रिल

काकू गवत काढतायत. सगळं. दाताळ्यानं ओढून ओढून, एकट्या, वाकून. खाली घोळ लगेच हसतेच आहे, दोन दिवसांत पुन्हा खुरपं. मला बघून जाळीपाशी आल्या, घाम पुसला. "वाचवलंस गं बाई. सख्ख्या भावाला पाठीशी घातलं नाहीस. असं माणूस मिळत नाही."

 त्यांची रोपं अजूनही सरळ आहेत. सरळ, हिरवीगार, फुलांनी लगडलेली. असं कसं? वाचली असतील. वेळेवर सांगितलं, म्हणून वाचली.

२५ एप्रिल

आईला कळलं. ह्यांच्या बोलण्यातून निसटलं.  आई जेवली, ताट धुतलं, पदराला हात पुसले. मग विचारलं, "तो नाही म्हणाला होता ना?"

हो.

"आणि तू?"

मला भीती वाटली गं आई! एवढंच सुचलं. खरंही तेच आहे.

"भीती वाटली की तू लहानपणी त्याच्यामागे लपायचीस," आई म्हणाली.

२८ एप्रिल

वळलं! गवताच्या कुंडीतलं तिसरं पान चिमटलं, मुडपलं, जसं टोमॅटोचं तसंच अगदी. मी बरोबर होते. मी बरोबर होते! इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचा धोंडा उतरला आणि मी अंगणात बसून रडले. दादा खोटं बोलला. औषध होतं. मी कोणावर अन्याय केला नाही.

आईला बोलावून दाखवलं. तिने पान बोटांत धरलं, बराच वेळ. "आणि दुसरी कुंडी?"

तिथलं आत्ता कुठे वर येतंय, म्हटलं. सावलीत आहे ना. त्यात बघण्यासारखं काही नाही, ती साधी मातीच आहे.

फोटो काढून साहेबांना पाठवला आणि दादालाही. खाली काही लिहिलं नाही. त्याने बघितला. 

१ मे

आईनं पिशवी भरली. "मला घरी सोड. त्याच्याजवळ कोणीतरी असायला हवं." हे सोडून आले. म्हणाले, दादा दारात आला होता, आईची पिशवी घेतली, ह्यांना चहा विचारला. माझं नाव नाही निघालं. दाढी वाढलीय म्हणे.

अंगण केवढं मोठं वाटतंय. फटी मात्र स्वच्छ आहेत.

३ मे

चौकशीवाले आले होते मैदानावर. माती नेली, गवत नेलं, पंपही नेला. साहेब म्हणाले उत्तराला वेळ लागेल, पण तुमच्या कुंडीचा फोटो आहेच, तो पुरेल. तो पुरेल! मला वाटलं होतं हे ऐकून झोप लागेल. भीती गेली नाही. आता कशाची आहे? जे व्हायचं ते झालं ना! तरी जिन्यावर पाऊल वाजलं की मी दचकते.

उद्या कुंड्या उचलून टाकते. बघवत नाहीत.

४ मे

टाकायला म्हणून न्हाणीघराच्या खिडकीतली कुंडी उचलली.

साध्या मातीतलं पानही वळलंय. तसंच. चिमटलेलं, आत मुडपलेलं.

या कुंडीत दादाचं गवत नाही. काडीसुद्धा नाही. माती थैलीतली, बी पुडीतलं. आणि पाणी – खाली, नळापाशी, हिरवी झारी ठेवलीय. तिच्या तोटीला नाक लावलं – कपाटामागच्या बाटलीचा वास. मग शेतावरचा तो कोपरा आठवला, जिथे पाइप पोचत नाही, जिथे मी दर आठवड्याला हीच झारी सायकलला अडकवून नेत होते. फक्त गवताच्या वाफ्यांसाठी.

चपला घातल्यात. साहेबांकडे नंतर. आधी दादाच्या दारात जायचंय, कुंडी आणि झारी दोन्ही घेऊन.